आत्याबाईंचं वैर

आमच्या घरात जेवणाआधी प्रार्थना व्हायची आणि त्या प्रार्थनेत रोज एका माणसाचं वाईट मागितलं जायचं. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा. आत्याबाई डोळे मिटून आधी अन्नाबद्दल आभार मानायच्या, मग आजाऱ्यांची, प्रवासाला निघालेल्यांची, वसतिगृहातल्या मुलींची नावं घ्यायच्या. शेवटी आवाज जराही न चढवता म्हणायच्या, "आणि हे न्यायी पित्या, आमच्या गावच्या पाटलाला विसरू नकोस. आम्ही विसरलेलो नाही." मग आमेन, आणि मग भाकरीला हात.

नवा पाहुणा असला तर तो डोळे उघडून आमच्याकडे बघत राहायचा. मला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. सात वर्षांची होते तेव्हापासून मी त्या आमेनला सगळ्यात मोठ्यानं साथ देत आले होते.

आत्याबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. मोठ्या दुष्काळात आईबाप गेल्यावर ही दोघं भावंडं मिशनच्या अनाथाश्रमात आली, तिथंच वाढली, तिथंच ख्रिस्ती झाली. आत्याबाईंचं लग्न झालं, पण दोन वर्षांतच प्लेगनं नवरा गेला. माझी आई माझ्या जन्मातच गेली. मग आत्याबाई भावाच्या घरी आल्या. वडील शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि आत्याबाई आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फिरून बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायच्या. मला त्यांनी धुळ्याला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं होतं.

वडिलांच्या शाळेत महारवाड्यातली मुलं आणि भिलाटीतली मुलं एकाच तरटावर बसायची. गावच्या पाटलाला ते खुपत होतं. त्यानं दोनदा सांगून पाहिलं, एकदा धमकावलं. एका उन्हाळ्यात भर दुपारी शाळेच्या छपराला आग लागली. ती कोणी लावली ते कधीच कळलं नाही. मुलं जेवायला घरी गेली होती. एक भिल्लाची मुलगी तेवढी आत झोपली होती, तिचं घर लांब होतं म्हणून. वडील आत शिरले, तिला खिडकीतून बाहेर लोटलं, आणि छप्पर त्यांच्या अंगावर आलं.

विहीर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती. आत्याबाई घागर घेऊन धावल्या. विहिरीवर पाटील उभा होता, काठी आडवी धरून. त्याच्या मागं गाव उभं होतं. "या विहिरीले तुम्हनी घागर लागाव नही," एवढंच तो म्हणाला. एका म्हातारीनं तेवढी आपली कळशी आत्याबाईंच्या घागरीत ओतली आणि ती रडत निघून गेली. त्या दिवशी शाळेवर पडलं ते पाणी तेवढंच. वडील तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात वारले.

चौकशी झाली. पाटलानं सांगितलं, मी त्या दिवशी गावातच नव्हतो, सरकारी कामाला शिंदखेड्याला गेलो होतो. गावानं मान डोलावली. कागद मिटले. आत्याबाई मला घेऊन धुळ्यात मिशनच्या आवारात दोन खोल्यांत राहायला आल्या, आणि रोजची ती प्रार्थना सुरू झाली.

त्या प्रार्थनेला नियम होते. पाटलाच्या बायकापोरांचं वाईट कधी मागायचं नाही. त्याचं मरण मागायचं नाही. "मेला की सुटला," असं त्या म्हणत. एका साली त्यांनी मागितलं की त्याच्या कपाशीला बोंड धरू देऊ नकोस. त्या साली तालुकाभर अळी पडली आणि आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली तीन घरं उघडी पडली. आत्याबाई फार अस्वस्थ झाल्या. संध्याकाळी भाकरी थापायची सोडून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "कपाशीचं मागणं मी परत घेते, प्रभू. नीट विचार न करता मागितलं. तुला त्याचा एकट्याचा समाचार घेता येत नसेल तर राहू दे, मी थांबते." मी शेजारीच बसले होते. देवाशी इतकं रोखठोक बोलणारं माणूस मी पुढं पाहिलं नाही.

रोखठोकपणा त्यांच्या हाडातच होता. मिशनचे गोरे साहेब महिन्यातून एकदा कामाची विचारपूस करायचे. या महिन्यात किती बायकांनी वचन ऐकलं, असं ते प्रत्येकीला विचारत. कोणी पन्नास सांगे, कोणी साठ. आत्याबाईंची पाळी आली की त्या थोडा विचार करून म्हणायच्या, "दोन. त्यातली एक बहिरी आहे." साहेबांना हसू आवरायचं नाही. बाकीच्या बायका मात्र बाहेर आल्यावर त्यांच्याशी बोलायच्या नाहीत.

आणि रविवारी देवळात प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळ्या आवाजांत आत्याबाईंचा घोगरा आवाज वेगळा ऐकू यायचा. अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ आली की तो बंद पडायचा. ती ओळ संपली की पुन्हा सुरू. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मी केलेली नाही, मग केली म्हणून कसं सांगू? तेही त्याच्यासमोर उभी राहून." मीही ती ओळ म्हणायची सोडून दिली. माझं कारण त्यांच्याइतकं शुद्ध नव्हतं. मला फक्त पाटलाचं वाटोळं झालेलं बघायचं होतं.

अशी अठरा वर्षं गेली. मी शिकले, धुळ्यातच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आणि एक दिवस बातमी आली की पाटलाला खुनाच्या आरोपाखाली धरून धुळ्याच्या तुरुंगात आणलं आहे.

त्याचा चुलतभाऊ शेतात मेलेला सापडला होता. बांधावरून त्यांचं जुनं वैर होतं. चुलतभावाच्या बाजूच्या दोघांनी शपथेवर सांगितलं की त्या दुपारी पाटलाला आम्ही कुऱ्हाड घेऊन शेतातून जाताना डोळ्यांनी पाहिलं. पाटील म्हणत होता, मी त्या दिवशी नरडाण्याच्या स्टेशनावर होतो, जळगावहून एक व्यापारी यायचा होता, तो आलाच नाही. नरडाण्याला त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. त्याच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसेना. एकदा असंच बोलून तो सुटला होता, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

मी शाळेतून धावत घरी आले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी बातमी सांगितली आणि म्हणाले, "आता फाशी होणार. देवानं ऐकलं तुमचं."

त्यांचे हात थांबले. "कुठला दिवस म्हणतात?" त्यांनी विचारलं. मी दिवस सांगितला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "तो खरंच नरडाण्याला होता."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्या जळगावला प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. आदल्या दिवशी नरडाण्याकडच्या एका वस्तीवर मुक्काम करून त्या दुपारची गाडी धरायला स्टेशनावर आल्या, तर गाडीला उशीर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाटील बसलेला. त्यानं यांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. यांनी फिरवलं नाही. "चार तास मी त्याचं तोंड बघत बसले होते," त्या म्हणाल्या. "त्याच्या डाव्या जोड्याचा अंगठा तुटला होता. त्यानं तो सुतळीनं बांधला. दोनदा नळावर जाऊन पाणी प्यायला. मला सगळं आठवतं. त्याचा राग होता म्हणूनच इतकं नीट पाहिलं."

मी म्हणाले, "कोणाला सांगू नका."

त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं.

दोन दिवसांनी पाटलाची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. नवऱ्यानं तुरुंगातून सांगून पाठवलं होतं की स्टेशनावर ती बाई होती. उंबऱ्याच्या बाहेरूनच ती म्हणाली, "बाई, तुम्हले ठाऊक शे. त्या दिन त्या नरडाणाले व्हतात. तुम्ही खोटं बोलतस नही, आसं बठ्ठा गाव म्हणस."

"मी खोटं बोलत नाही हे तुमच्या गावाला अठरा वर्षांपूर्वी ठाऊक होतं का?" आत्याबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती प्यायली. एवढ्याशा गोष्टीचाही मला संताप आला.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. मी म्हणाले, "तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगत नाही. फक्त गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे."

आत्याबाई लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गप्प राहूनच तर तुझा बाप मारला त्यांनी. काठी एकाच्या हातात होती. बाकी सगळे नुसते गप्प उभे होते. त्यांच्यात जाऊन मी उभी राहू?"

मी बाजूला झाले. पण त्यांच्याबरोबर गेले ती पाटलाला फाशीची शिक्षा होताना बघायची आशा मनात धरूनच.

कोर्टात तोबा गर्दी होती. आत्याबाईंनी शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली आणि त्या चार तासांतलं सगळं सांगितलं, तुटलेल्या अंगठ्यासकट. जोडा तुरुंगात जमा होता. तो मागवला, सुतळी निघाली. सरकारी वकील उठले. त्यांनी विचारलं, "या माणसामुळं तुमचा भाऊ मेला असं तुम्ही आजवर म्हणत आलात ना?"

"म्हणत आले. आजही म्हणते."

"मग आज त्याला वाचवायला कशा आलात?"

"वाचवायला आले नाही. तो नरडाण्याला होता ते सांगायला आले. शाळा जळाली त्या दिवशी तो विहिरीवर होता, तेही सांगते. तेव्हा कोणी लिहून घेतलं नाही, आता घ्या."

न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. तो प्रश्न या कोर्टापुढं नाही, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी मान हलवली. "ठाऊक आहे मला. तो कुठल्याच कोर्टापुढं नसतो."

पाटील सुटला. ज्या बाईचं त्याच्याशी वैर होतं तिनंच सांगितलं, म्हणून सगळ्यांचा विश्वास बसला. कोर्टाच्या व्हरांड्यात तो आला. केस पांढरे, पाठीत वाकलेला. तो आत्याबाईंच्या पाया पडायला वाकला तशा त्यांनी पाय मागं घेतले.

"पाया पडू नको," त्या म्हणाल्या. "त्या वेळी तू विहिरीवर होतास आणि नव्हतो म्हणालास. या वेळी तू शेतात नव्हतास आणि लोक होतास म्हणत होते. माझं मी सांगितलं. आता तुझं तू सांग. गावासमोर."

पाटील उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मग त्याच्या मुलांनी त्याला धरून गाडीकडं नेलं.

मी आठवडाभर आत्याबाईंशी बोलले नाही. वडिलांचा मारेकरी फासाच्या दारातून त्यांनी परत आणला, हे माझ्या मनातून जाईना. त्यांनी माझी समजूत काढली नाही. पुढच्या गुरुवारी त्या पहाटे उठल्या, भाकरी बांधून घेतली आणि गावाला निघाल्या.

गुरुवार तिथल्या बाजाराचा दिवस. जळक्या शाळेचं जोतं तसंच पडून होतं, त्यावर बाभळी उगवल्या होत्या. पाटलाचं घर समोरच. आत्याबाई जोत्यावर बसल्या आणि शास्त्रातली न्याय मागणारी स्तोत्रं मोठ्यानं वाचू लागल्या. बाजारची माणसं थबकायची, मग घाईनं पुढं जायची. ही बाई शाप देते, असं गावात झालं. दुपार कलली की त्या उठून पाटलाच्या ओट्यापाशी जायच्या आणि म्हणायच्या, "मी सांगितलं. आता तू सांग." मग मोटार धरून परत. असे त्यांनी दोन वर्षांचे गुरुवार काढले. ताप असला तरी जायच्या.

पाटलानं कोतवालाकडून निरोप धाडला की शाळेसाठी जमीन देतो. "जमीन नको, तोंड उघडायला सांग," असं आत्याबाईंनी कळवलं. मग त्यानं मिशनच्या साहेबांना निरोप दिला की शाळा बांधून देतो. साहेब हरखून आमच्या घरी आले. ते म्हणाले, "बाई, हा पश्चात्तापच आहे. तुम्ही हात पुढं करा."

आत्याबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "साहेब, त्यानं एक शब्द उच्चारला नाही आणि तुम्ही क्षमा वाटायला निघालात. ती काय खिरापत आहे?" साहेबांचा चेहरा पडला. मिशननं त्यांना गावाला जायला बंदी केली, वर काम काढून घेऊ असंही सांगितलं. त्या गेल्या. काम गेलं. पुढं घर माझ्या पगारावर चाललं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या पगाराचा अभिमान वाटला. वैर पोसायला तो उपयोगी पडत होता.

आणि मग पाटलाला लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ लुळी पडली. बोलायला गेला की घशातून नुसती घरघर निघायची. सगळ्या तालुक्यात झालं की धुळ्याच्या बाईच्या प्रार्थनेनं पाटलाची वाचा गेली. मी ही बातमी घेऊन घरी आले तेव्हा मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आत्याबाई ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. मग भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना देवावर संतापलेलं पाहिलं. "त्याची जीभ मी मागितली होती का?" त्या म्हणाल्या. "हात घ्यायचा, पाय घ्यायचा. जीभ तेवढी मला हवी होती. एवढं कळलं नाही तुला?"

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. गुरुवारी निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत शास्त्राबरोबर एक दगडी पाटी आणि पेन्सिल होती. पाटील अंगठेबहाद्दर होता. उभ्या जन्मात त्यानं कागदावर फक्त अंगठा उठवला होता. पण डावा हात शाबूत होता.

पाटलाच्या बायकोनं त्यांना आत घेतलं. शाप उतरेल अशी तिला आशा असावी. आत्याबाई खाटेशेजारी बसल्या आणि त्याच्या छातीवर पाटी ठेवली. त्यानं डाव्या हातानं ती भिरकावली. तिचे तुकडे झाले. पुढच्या गुरुवारी नवी पाटी, तीही फुटली. तिसऱ्या गुरुवारी आत्याबाईंनी पत्र्याची पाटी नेली. "फोड ही," त्या म्हणाल्या. पत्र्याची पाटी भिंतीवर आपटून खणखणली, लोळत परत खाटेखाली आली. आत्याबाईंनी ती उचलून पुसली आणि पुन्हा त्याच्या छातीवर ठेवली.

"पहिला शब्द कुठला शिकवला?" मी विचारलं.

"पाणी. मुद्दाम. त्याला तहान लागली तर मागता येत नाही. धाकटा मुलगा शिंदखेड्याला चार यत्ता शिकलाय, तो वाचतो आणि पाणी देतो. पाणी हा शब्द लिहिल्याशिवाय त्याला पाणी मिळत नाही असं मात्र मी होऊ दिलेलं नाही. तेवढं पाप मी करणार नाही. पण शब्द मी तोच घेतला, आणि लिहून घेतला पाटी भरभरून."

त्या घरात स्वतः त्या पाण्याचा थेंब घेत नसत. घरून तांब्या भरून न्यायच्या.

दीड वर्ष हे चाललं. डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं, मग काना-मात्रा, मग शब्द. कधी तो रडायचा, कधी पेन्सिल टाकून द्यायचा. आत्याबाई ना रागवायच्या ना शाबासकी द्यायच्या. चुकलं की पुसायच्या आणि पुन्हा लिही म्हणायच्या. मी म्हणाले, "तुम्ही त्याची सेवा करताय." त्या म्हणाल्या, "मी त्याला पळू देत नाही. सेवा वेगळी असते."

शेवटी एका गुरुवारी त्याची खाट उचलून चावडीपुढं आणली. त्यानंच पाटीवर तसं लिहून दिलं होतं. मी त्या दिवशी शाळेतून सुट्टी घेऊन गेले होते. बाजारची माणसं गोळा झाली. मुलानं त्याच्या हाताखाली फळी धरली, वर कागद ठेवला. पाटील लिहायला लागला. घाम त्याच्या कानामागून गळत होता. दोन ओळींना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. पण तेवढा वेळ कोणी जागचं हललं नाही.

तलाठ्यानं कागद हातात घेऊन वाचला. "मी विहिरीवर होतो. पाणी मी अडवलं."

मग मागून एक म्हातारा काठी टेकत पुढं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आम्ही बी व्हतूत."

"मला ठाऊक आहे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी जमलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडं एकदा पाहिलं. मग कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि मोटारीच्या थांब्याची वाट धरली. मी मागून गेले.

मला तो कागद फौजदाराकडं न्यायचा होता. नेलाही. फौजदारानं वाचला, परत दिला आणि म्हणाला की इतक्या जुन्या गोष्टीत, खाटेवरच्या माणसावर काय करायचं. मला तुरुंग हवा होता, बेड्या हव्या होत्या. आत्याबाईंना एवढंच हवं होतं की गावानं ऐकावं. ते झालं तसं त्यांनी गुरुवारी जायचं बंद केलं. पण गुरुवार आला की त्या अस्वस्थ व्हायच्या. एकदा म्हणाल्या, "जोडाक्षरं राहिली त्याची."

पुढच्याच पावसाळ्यात त्या आजारी पडल्या. पोटात गाठ होती. मिशनच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. शेवटच्या दिवसांत तेच साहेब आले, आता ते म्हातारे झाले होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आत्याबाईंचा हात हातात घेतला आणि फार मायेनं विचारलं, "बाई, त्या माणसाला मनापासून क्षमा केली, असं एकदा म्हणाल का? मला समाधान वाटेल."

आत्याबाईंनी डोळे उघडले. "साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या समाधानासाठी खोटं बोलून मरू का? जमलं नाही मला. प्रयत्न केला. देवाला भेटून सांगेन, तो बघून घेईल."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी केलेल्या प्रार्थनेत त्या दिवशी क्षमेचा शब्द नव्हता. दोन दिवसांनी सकाळी आत्याबाई गेल्या.

दफन झाल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी मी गावाला निघाले. त्या गेल्या आणि पाटील अजून जिवंत आहे, हे मला सहन होत नव्हतं. सातव्या वर्षापासून मी त्याला काय काय बोलायचं ते मनात रचत आले होते. नरडाण्यापर्यंत मोटारीत आणि पुढं बैलगाडीत मी ते सगळं पुन्हा घोकलं.

त्याच्या बायकोनं मला आत नेलं. खाटेवर तो हाडांचा सापळा होऊन पडला होता. माझं आत्याबाईंसारखं पांढरं लुगडं पाहून त्यानं मान उचलली, मग चेहरा पाहून पुन्हा खाली टेकवली. उशाशी पत्र्याची पाटी होती. त्यानं ती ओढली, डाव्या हातानं सावकाश काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं फिरवली.

पाटीवर होतं, बाई कधि येतिल.

मी म्हणाले, "येणार नाहीत. त्या गेल्या."

मग मी बोलले. वडिलांचं भाजलेलं अंग, दवाखान्यातले तीन दिवस, वसतिगृहात मला बोलावून सांगितलेली बातमी, आत्याबाईंचं गेलेलं काम, सगळं. त्याला कसलं कसलं मरण यावं तेही बोलले. एक शब्द गाळला नाही. त्याची बायको दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. तो माझ्याकडे बघत होता. एकदाही त्यानं तोंड फिरवलं नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता आणि मला वाटलं होतं तसं हलकं काही वाटत नव्हतं.

पाटी त्यानं तशीच धरून ठेवली होती. मी मास्तरीण. माझी नजर पुन्हा पुन्हा त्या ओळीकडं जात होती. दोन्ही वेलांट्या चुकल्या होत्या.

मी खाली बसले. बोटानं त्या दोन वेलांट्या पुसल्या आणि दुसऱ्या काढल्या. "'कधी'मधला धी दीर्घ," मी म्हणाले. "'येतील'मधला ती दीर्घ. खाली पुन्हा लिही."

त्यानं लिहिलं. मी तपासलं आणि उठले. त्याच्या बायकोनं पाणी विचारलं, मी नको म्हणाले. मी त्याला क्षमा केली नव्हती, आजही केलेली नाही.

धुळ्याला परत आल्यावर शाळेत मी रजेचा अर्ज दिला, पुढच्या गुरुवारचा.